धावत्या गाडीतले तिकीट आणि टीसीच्या हातातले यंत्र

रेल्वेच्या आरक्षित डब्यात टीसीच्या काखेत असणारा लांबलचक कागदी चार्ट आणि कार्बन घातलेले पावती पुस्तक यांची जागा गेल्या काही वर्षांत एका यंत्राने घेतली आहे. रेल्वेच्या कागदोपत्री त्याचे नाव हँड हेल्ड टर्मिनल, म्हणजेच एचएचटी. प्रवासी त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. नांदेड–मनमाड मार्गावरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतही ते आता सरावाचे झाले आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना तिकिटांसाठी वेगळे, जाडजूड आणि महागडे यंत्र कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तराचा पहिला भाग डोळ्यांना दिसतो: यंत्राचे शरीर दणकट असावे लागते. दुसरा भाग दिसत नाही, पण माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. गाडी हिसके देत असताना, नेटवर्क येत-जात असताना आणि बॅटरी उतरत असतानाही जागेचा आणि पैशाचा हिशेब तुटता कामा नये.

आधी शरीराचे पाहू. नांदेड ते मनमाड हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. वाटेत पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर, लासूर, रोटेगाव आणि नगरसोल ही स्थानके लागतात. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, स्लीपर डब्याचा पत्रा दिवसभर तापत राहतो आणि उघड्या खिडक्यांतून काळ्या रानातली बारीक धूळ आत येते. मृग लागला की त्याच खिडक्यांतून पावसाचे झोत येतात. टीसीच्या एका हातात यंत्र असते, दुसऱ्या हाताने त्याने वरच्या बर्थची साखळी धरलेली असते आणि गाडी रूळ बदलताना नेमकी त्याच वेळी झटका देते. अशा ठिकाणी दिवसाचे आठ-दहा तास काढायचे असतील, तर घरात जपून वापरायचा मोबाइल फार काळ टिकत नाही.

धूळ आणि पाणी यांच्यापासून एखादे उपकरण किती सुरक्षित आहे, हे सांगण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे ६०५२९ क्रमांकाचे मानक वापरले जाते. ‘आयपी’ या अक्षरांपुढे येणाऱ्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. पहिला आकडा ५ असेल तर थोडी धूळ आत गेली तरी काम अडत नाही. ६ असेल तर धूळ आत जातच नाही. दुसरा आकडा ४ असेल तर कोणत्याही बाजूने उडालेले पाणी चालते, ५ असेल तर नळीतून सोडलेला झोत चालतो आणि ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्र बिघडत नाही. यात एक गंमत आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. आकडा मोठा म्हणजे सर्वच बाबतींत सरस, असे नसते. पाण्यात बुडवण्याची ७ ची परीक्षा पास झालेले यंत्र झोताची ५ ची परीक्षा पास होईलच, असे मानकात गृहीत धरलेले नाही. गाडीच्या डब्यात यंत्र बुडण्यापेक्षा त्यावर पाण्याचा सपकारा बसण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणून खरेदी करणाऱ्याने झोताचा आकडा आधी पाहावा.

पडण्याच्या कसोटीसाठी बहुतेक कंपन्या अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकाचा दाखला देतात. त्यातील परीक्षेत यंत्र १२२ सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या हातातून, २६ वेळा पाडले जाते: सहा बाजूंवर, बारा कडांवर आणि आठ कोपऱ्यांवर. ऐकायला हे भारदस्त वाटते. मात्र हे २६ आघात एकाच नगाने सोसावेत असा आग्रह नसतो, ते पाच नगांत वाटून घेता येतात, आणि पाडण्याची जागा म्हणजे काँक्रीटवर बसवलेली दोन इंच जाडीची प्लायवुडची फळी असते. डब्याच्या पायरीची लोखंडी धार किंवा फलाटाची फरशी यापेक्षा निर्दय असते. तेव्हा ‘लष्करी दर्जा’ हे शब्द वाचून भारावून जाण्यापेक्षा चाचणी किती उंचीवरून, कशावर आणि किती नगांवर झाली, हे विचारणे शहाणपणाचे.

उष्णतेचा प्रश्न मराठवाड्यात अधिकच तीव्र होतो. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या सुमारे ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नयेत, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. दुपारी डब्यातली हवाच त्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेली असते, त्यात पडदा, रेडिओ आणि प्रोसेसर यांची स्वतःची उष्णता मिसळते. साधा मोबाइल अशा वेळी पडद्याचा उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी स्वतःच बंद पडतो. त्याच्या दृष्टीने ते योग्यच असते, पण समोर बहात्तर बर्थचा डबा तपासायचा राहिलेला असतो. म्हणूनच खास या कामासाठी बनवलेल्या यंत्रांत बॅटरी मोठी आणि बदलता येण्यासारखी असते. काही यंत्रांत तर आतल्या छोट्या राखीव बॅटरीमुळे मुख्य बॅटरी काढून दुसरी बसवेपर्यंत काम चालू राहते. चार्जिंगसाठी बारीक छिद्रात पिन खुपसण्याऐवजी यंत्र नुसते खाचेत ठेवले की धातूचे ठिपके एकमेकांना टेकतात, कारण रोजच्या वापरात सर्वांत आधी झिजते ते चार्जिंगचे छिद्रच. उन्हात वाचता येईल इतका तेजस्वी पडदा, घामेजल्या बोटांनाही ओळखणारा स्पर्श, आणि तिकिटावरचा कोड टिपण्यासाठी अंगठ्याखाली येणारे खरेखुरे बटण या सोयी याच पठडीतल्या.

अर्थात शरीराचा दणकटपणा विकत घेता येतो किंवा वरून चढवताही येतो. अमेरिकेच्या अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेने २०१२ मध्ये आपल्या कंडक्टरांच्या हाती चक्क आयफोन दिले. फक्त त्यांच्यावर जादा बॅटरी आणि कोड वाचणारा स्कॅनर असलेले आवरण बसवले. भारतीय रेल्वेचे एचएचटीसुद्धा दिसायला टॅबलेटच्याच घराण्यातले आहे. त्यामुळे खरी कारागिरी शोधायची तर ती आतल्या प्रोग्रॅममध्ये शोधावी लागते.

एसटीच्या वाहकाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पूर्वी वाहकाकडे तिकिटांच्या गड्ड्यांचा ट्रे आणि ‘टिक टिक’ वाजणारा पंच असे. मग तिकीट छापणारे मशीन आले. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालते, म्हणून त्या मशीनला मार्ग, टप्पे, दर आणि सवलती एवढे पाठ असले की पुरे. सवलती बदलल्या की मशीनमधला तक्ता बदलायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. हे दोन्ही बदल जुन्या छापील गड्ड्यांच्या काळात अमलात आणायचे असते तर आगारांत किती तारांबळ उडाली असती, याची कल्पना करून पाहावी. तरीही एसटीचे काम तुलनेने सरळ आहे, कारण वाटेत बसलेल्या प्रवाशाच्या तिकिटाला ठरावीक आसन जोडलेले नसते. रेल्वेच्या आरक्षित डब्यात प्रत्येक तिकिटामागे एक विशिष्ट बर्थ, विशिष्ट दोन स्थानकांदरम्यान अडकलेला असतो. हिशेब पैशाचा आणि जागेचा, असा दुहेरी होतो.

त्यात भारतीय रेल्वेचे आणखी एक वेगळेपण आहे. युरोपातील अनेक छोट्या स्थानकांवर खिडकीच नसते, त्यामुळे प्रवासी गाडीत चढून कंडक्टरकडून सरळ तिकीट घेतो. आपल्याकडे तिकीट काढूनच गाडीत बसायचे, हा नियम आहे. गाडीत पैसे घेतले जातात ते बहुतांशी फरकाचे किंवा दंडाचे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट प्रवाशाकडून भाडे आणि त्यावर जादा आकार घेतला जातो. हा जादा आकार भाड्याएवढा किंवा २५० रुपये, यांपैकी जे अधिक असेल तेवढा असतो. वरच्या वर्गात बसलेल्या प्रवाशाकडून भाड्यातला फरक आणि त्याच हिशेबाने जादा आकार घेतात. समजा सेलूहून जनरलचे तिकीट काढलेला प्रवासी स्लीपरमध्ये बसला आणि फरक ११० रुपये निघाला, तर जादा आकार २५० आणि एकूण ३६० रुपये होतील. फरक ४०० रुपये असेल, तर जादा आकारही ४०० आणि एकूण ८०० होतील. हातात पुस्तक धरून, अंतराचा तक्ता उलगडून, चालत्या गाडीत हे आकडे मांडताना चूक होणे साहजिक होते. आणि चूक झाली की वाद ठरलेलाच.

याच कलमातील एक तरतूद मला यंत्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. विनातिकीट प्रवासी नेमका कोठून चढला याबद्दल शंका असेल, तर गाडी मुळात जेथून सुटली तेथपासूनचे भाडे धरता येते. मात्र वाटेत तिकिटे तपासली गेली असतील, तर शेवटच्या तपासणीपासूनचे भाडे लागते. म्हणजे सिकंदराबादहून आलेल्या गाडीत जालन्याला चढलेल्या माणसाची परिस्थिती, त्याआधी गाडीत तपासणी कधी आणि कोठे झाली, यावर अवलंबून असते. कागदी चार्टवर पेन्सिलने ओढलेल्या खुणेला वेळ नसते. यंत्रातल्या प्रत्येक नोंदीला मात्र घड्याळाची वेळ जोडता येते, आणि ती नोंद प्रवाशाच्या बाजूनेही बोलू शकते.

आता पावती छापण्याचा क्षण. छोट्या छपाई यंत्रात शाई नसते. कागदालाच उष्णतेने काळा पडणारा लेप दिलेला असतो आणि छपाईच्या पट्टीवर एका मिलिमीटरमध्ये साधारण आठ सूक्ष्म तापक ठिपके बसवलेले असतात. कागद पुढे सरकतो तसे हे ठिपके तापतात, विझतात आणि अक्षरे उमटतात. नेहमीच्या कागदाची रुंदी ५७-५८ मिलिमीटर असते. योगायोग असा की, इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात थॉमस एडमंडसन याने आणलेले आणि भारतातही दीडशे वर्षे चाललेले पुठ्ठ्याचे तिकीट नेमके ५७ मिलिमीटर लांब होते. पुठ्ठ्याचे तिकीट मात्र आजोबांच्या पेटीत पन्नास वर्षांनीही वाचता येई. उष्णतेने छापलेली पावती ऊन, तेलकट बोटे किंवा प्लॅस्टिकचे पाकीट यांच्या सहवासात काही आठवड्यांत फिकी पडते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेखाली राहिली तर उलट सबंध काळवंडू शकते. दंडाची किंवा फरकाची पावती पुढे कोठे दाखवायची असेल, तर तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

छपाईचे ठिपके तापताना बॅटरीवर क्षणभर मोठा भार पडतो. बॅटरी आधीच उतरलेली असेल तर यंत्र नेमके याच क्षणी बंद पडण्याचा संभव असतो, आणि या क्षणी प्रवाशाने पैसे दिलेले असतात, पावती मात्र अर्धीच बाहेर आलेली असते. यंत्र पुन्हा चालू झाल्यावर विक्री झाली असे धरायचे की नाही? चांगल्या प्रोग्रॅममध्ये याचे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रथम नोंद कायमच्या स्मृतीत लिहायची, ती लिहिली गेल्याची खात्री करायची आणि मगच छपाई सुरू करायची. छपाई अर्धवट राहिली तर नवे तिकीट तयार न करता त्याच क्रमांकाची प्रत, ‘दुसरी प्रत’ असा शिक्का उमटवून, काढायची. हा क्रम उलटा ठेवला तर एकतर प्रवाशाच्या हातात हिशेबात नसलेली पावती जाते किंवा टीसीच्या हिशेबात पावती न मिळालेले पैसे राहतात. पहिल्या प्रकारात रेल्वेचे नुकसान, दुसऱ्यात माणसाच्या नोकरीवर बालंट.

जागेच्या हिशेबातले बारकावे एका उदाहरणातून पाहता येतील. समजा मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये परभणीहून चढलेल्या एका वृद्ध गृहस्थांची जागा आरएसीत, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायच्या तिकिटात, आहे. एस-पाच डब्यातल्या ३१ क्रमांकाच्या बाजूच्या खालच्या बर्थवर ते आणि आणखी एक जण अवघडून बसले आहेत. २५ क्रमांकाचा प्रवासी जालन्याला चढणार होता. गाडी जालना सोडते, टीसी येतो, मोकळा बर्थ पाहतो, आजूबाजूला विचारतो आणि यंत्रात त्या नावापुढे ‘एनटी’, म्हणजे प्रवासी आला नाही, अशी नोंद करतो. नियमाप्रमाणे मोकळ्या जागेवर पहिला हक्क आरएसीवाल्यांचा. “बाबा, उठा. पंचवीस नंबर तुमचा झाला, खालचाच आहे,” असे सांगून तो पुढे सरकतो. बाबा पिशवी उचलता उचलता विचारतात, “पैसे किती द्यायचे साहेब?” काहीच द्यायचे नसतात, कारण आरएसीच्या तिकिटात पूर्ण भाडे आधीच भरलेले असते. हा प्रश्न त्यांच्या तोंडून सहज निघतो, यातच जुन्या पद्धतीबद्दल बरेच काही कळते. कागदी चार्टच्या काळात मोकळा बर्थ कोणता, हे फक्त टीसीलाच ठाऊक असे. यंत्रामुळे ती माहिती नोंदीत आली. यंत्राने माणूस प्रामाणिक होत नाही; पण रिकामा बर्थ लपवणे अवघड होते, एवढे निश्चित.

या नोंदींचा परिणाम गाडीबाहेरही पोहोचतो. रेल्वेने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सुमारे १,३९० गाड्यांत ही यंत्रे वापरली जात होती, त्यांच्यामुळे दररोज साधारण साडेपाच हजार आरएसी आणि पावणेतीन हजार वेटिंगच्या प्रवाशांना गाडीतच जागा मिळत होती आणि जवळपास सात हजार रिकाम्या जागा पुढच्या स्थानकांवरून आरक्षित करण्यासाठी खुल्या होत होत्या. या शेवटच्या आकड्याचा अर्थ मराठवाड्यातील मधल्या स्थानकांवरच्या लोकांनी विशेष समजून घ्यावा. सिकंदराबाद किंवा नांदेडला रिकामी राहिलेली जागा पूर्वी मुंबईपर्यंत रिकामीच, किंवा कोणाच्या तरी ओळखीने, जात असे. आता ती परतूर-जालन्याच्या माणसाला रीतसर मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

पण पुढच्या स्थानकाला जागा खुली करायची तर नेटवर्क हवे, आणि दोन स्थानकांच्या मध्ये शिवारातून जाताना ते कधी असते, कधी नसते. येथे यंत्रणेची खरी परीक्षा होते. नेटवर्क नसताना काम थांबवणे परवडत नाही, म्हणून संपूर्ण चार्ट गाडी सुटण्यापूर्वीच यंत्रात उतरवलेला असतो. नोंदी यंत्रातच साठतात आणि सिग्नल आला की मध्यवर्ती संगणकाकडे जातात. मग एकच बर्थ इकडे टीसीने आणि तिकडे पुढच्या स्थानकाच्या खिडकीने, असा दोघांना दिला जाणार नाही कशावरून? अशा व्यवस्थेत एक तत्त्व कसोशीने पाळावे लागते: कोणत्याही क्षणी एका जागेवर अधिकार एकाच ठिकाणी असला पाहिजे. चार्ट यंत्राच्या ताब्यात असेपर्यंत ती जागा टीसीची. ‘ही जागा मी सोडली’ असा निरोप त्याच्या यंत्राकडून मध्यवर्ती संगणकाला पोहोचून त्याची पोच परत येईपर्यंत ती खिडकीवर विकता कामा नये. निरोप पोहोचला नाही तर फार तर एक बर्थ रिकामा जाईल. दोन कुटुंबे एका बर्थसाठी रात्री अकरा वाजता भांडणार नाहीत. नुकसान दोन्हीकडे असताना कोणते पत्करायचे, हे आधी ठरवून ठेवणे म्हणजेच अशा प्रोग्रॅमची रचना.

पैशाच्या बाबतीत याच अडचणीचे दुसरे रूप दिसते. यंत्राने विक्रीची नोंद पाठवली, ती पोहोचलीही, पण पोच परत येण्याआधीच गाडी नेटवर्कबाहेर गेली. यंत्राला वाटते की नोंद गेलीच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवते. मध्यवर्ती संगणकाने ती नवी विक्री मानली तर एकाच पावतीचे पैसे दोनदा लागतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक पावतीला यंत्रातच असा क्रमांक द्यावा लागतो की जो दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर, दुसऱ्या कोणत्याही दिवशी निघू शकणार नाही. तोच क्रमांक पुन्हा आला की संगणक फक्त ‘मिळाले’ म्हणतो आणि पुढे जातो. क्यूआर कोड दाखवून यूपीआयने पैसे घेताना तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तेथे प्रवाशाचा मोबाइल, त्याची बँक आणि टीसीचे यंत्र या तिघांचे नेटवर्क एकाच वेळी शाबूत असावे लागते. खात्यातून पैसे गेले आणि यंत्रावर काहीच उमटले नाही, तर पुन्हा पैसे देण्याची घाई न करता व्यवहाराचा क्रमांक टीसीला दाखवावा. क्यूआरमध्ये रक्कम आणि संदर्भ क्रमांक घातलेला असेल तर जुळवणी नंतरही होते.

युरोपात नेटवर्कशिवाय तिकीट खरे की खोटे हे तपासण्याची निराळी वाट काढली आहे. तेथील तिकिटावरच्या कोडमध्ये प्रवासाच्या माहितीबरोबर एक डिजिटल सही गुंफलेली असते. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त तिकीट देणाऱ्या रेल्वेकडे असते, ती पडताळण्याची उघड किल्ली मात्र प्रत्येक कंडक्टरच्या यंत्रात असते. त्यामुळे बोगद्यातही, कोणाला काही न विचारता, यंत्र सांगू शकते की हे तिकीट अस्सल आहे आणि त्यातले एकही अक्षर बदललेले नाही. त्याच तिकिटाची प्रत दुसऱ्या डब्यात कोणी वापरली आहे का, हे मात्र सही सांगू शकत नाही. आपल्या आरक्षित डब्यात पडताळणीचा कणा निराळा आहे: दहा अंकी पीएनआर, चार्टवरचे नाव आणि ओळखपत्र. प्रत्येक जागेपुढे ठरलेले नाव असल्याने प्रत काढून काही साधत नाही. म्हणूनच आपल्याकडे यंत्रात चार्ट असणे अपरिहार्य ठरते, आणि म्हणूनच यंत्र हरवले तर तिकिटांपेक्षा प्रवाशांची नावे, वये आणि प्रवासाचे तपशील यांची चिंता अधिक. प्रत्येक टीसीचे स्वतंत्र लॉगिन, साठवलेल्या माहितीचे सांकेतिकीकरण आणि हरवलेले यंत्र दुरून कोरे करण्याची सोय या गोष्टी अशा यंत्रात चैनीच्या मानता येत नाहीत.

ड्यूटी संपल्यावर टीसीला आपली रोकड रेल्वेकडे भरावी लागते. पावती पुस्तकाच्या काळात पहिला आणि शेवटचा क्रमांक, रद्द केलेल्या पावत्या आणि कार्बन प्रतींची बेरीज असा सगळा ताळा हाताने जमवावा लागे. दहा रुपयांचा फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून. यंत्र हा ताळा क्षणात देते: इतक्या पावत्या, इतकी रोख, इतके यूपीआयने, इतक्या नोंदी अजून पाठवायच्या बाकी. यातला शेवटचा आकडा शून्य झाल्याशिवाय यंत्र बंद करू नये आणि दुसऱ्याच्या हाती देऊ नये.